पाण्यावर फोडलेलं खापर

'संभाजीनगरात राहायला या आणि टकले व्हा', असं एका गृहस्थांनी सिडकोतल्या एका कार्यक्रमात नुकतंच जाहीर करून टाकलं. टाळ्याही पडल्या. त्यांचं म्हणणं एवढंच: बोअरचं नि टँकरचं पाणी जड, त्यानं केस गळतात, नखं ठिसूळ होतात, डॉक्टर उगाच गोळ्या देतात, खरा उपाय म्हणजे नळाला गाळणी आणि डोक्याला कांद्याचा रस. गाळणी कुठं मिळते हेही त्यांनी आपुलकीनं सांगितलं.

जड पाण्यानं केस राठ होतात, साबणाला फेस येत नाही, विंचरताना केस मधेच तुटतात, हे कबूल. पण तुटणं वेगळं आणि मुळासकट गळणं वेगळं. डोक्यावर दिसतो तो केस निर्जीव असतो. जिवंत मूळ कातडीच्या आत. तिथं बादलीतलं पाणी पोचत नाही, रक्त पोचतं. म्हणूनच टायफॉइड, डेंगी, बाळंतपण, पोटाचे हाल यांचा हिशेब केस दोन-तीन महिन्यांनी चुकता करतात. ऑक्टोबरात डेंगी झालेल्या माणसाच्या हातात जानेवारीत केसांचे पुंजके येतात आणि मधल्या काळात त्यानं घर बदललेलं असतं. मग दोष नव्या घराच्या टाकीला! बीड-जालन्याहून इथं शिकायला आलेल्या मुलींचंही तेच. मेसचा अर्धवट टाकलेला डबा, परीक्षेची जागरणं, घसरलेलं हिमोग्लोबिन. पण आईला फोनवर सांगायला सोपं काय, तर इथलं पाणी लागलं.

गृहस्थांनी शेगावचा दाखला दिला. तो द्यायला नको होता. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतली माणसं काही दिवसांत टकली झाली. तेव्हाही पहिलं बोट पाण्याकडेच गेलं. तपासणीत नायट्रेट नि क्षार जास्त निघाले. निघणारच, तो खारपाणपट्टा आहे! पिढ्यान् पिढ्या तेच पाणी पिणाऱ्या आणि तरीही अंबाडे बांधणाऱ्या बायांचे केस नेमके त्याच हिवाळ्यात का जावेत? पुढं डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णांचं रक्त, लघवी, केस तपासले. सेलेनियम फार वाढलेलं, जस्त घटलेलं. त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. गव्हावरून वाद झाला, होऊ द्या. पण काही महिन्यांनी यांतल्या काहींची नखंही ठिसूळ होऊन गळू लागली. न्हाणीघरातल्या गाळणीनं ती कशी वाचली असती, ते गृहस्थांनीच सांगावं.

असाच वाद मागं एका दिवाळी अंकात दातांवरच्या डागांवरून झाला होता. तिथं मी पाण्याच्या विरोधात होतो, कारण फ्लोराइड खरोखरच पिण्याच्या पाण्यातून पोटात जातं आणि हिरड्यांखाली तयार होणाऱ्या दातांत शिरतं. समोरच्या विद्वानांनी दोष दिला तंबाखूला. आठ वर्षांच्या पोरांच्या तंबाखूला! तेव्हा पाणी निर्दोष होतं, आता केसांना तेच गुन्हेगार. असो.

बाकीच्या मुद्द्यांना फार शाई नको. चाई पुष्कळदा आपोआप भरून येते, श्रेय कांदा घेतो. नखांवरचे पांढरे ठिपके सहसा कॅल्शियमचे नसतात, नखाला बसलेल्या बारीकसारीक माराचे असतात. मुंडन केल्यानं केस दाट येत नाहीत. आणि 'उगाच गोळ्या'? लहान मुलाच्या डोक्यात गजकर्ण झालं तर नुसतं मलम केसाच्या मुळाशी पोचत नाही, तिथं पोटातूनच औषध लागतं.

मग करायचं काय? गेल्या तीन-चार महिन्यांत ताप, बाळंतपण, ऑपरेशन, कडक डाएट झालं का ते आठवा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. आजारानंतरची गळती बहुधा सहा महिन्यांत थांबते. वंशपरंपरेनं पडणाऱ्या टकलाला मिनॉक्सिडिल असतं, पण ते महिनोन् महिने लावावं लागतं आणि सोडलं की फायदाही सुटतो. नख जाड, पिवळं झालं तर औषध सुरू करण्याआधी नखाचा चुरा बुरशीसाठी तपासून घ्या, कारण सोरायसिसचं नखही तसंच दिसतं. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष जातं, तेव्हा पंधरा दिवसांत डॉक्टर बदलू नका. घाटी रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी आहे. जाताना नेलपॉलिश काढून जा.