खाडीचे पाणी आकाशातून कळते का?

तुडील हे महाड तालुक्याच्या खाडीपट्ट्यातले गाव. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूर, महाड करीत या पट्ट्यात येते आणि पुढे बाणकोट-हरिहरेश्वरपाशी अरबी समुद्राला मिळते. वाटेत महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. साहजिकच खाडीत जाळे टाकणाऱ्याला पाण्याची काळजी असते. ‘आता उपग्रह आहेत, ते सांगतीलच,’ असे पुष्कळ जण म्हणतात. मला हे अर्धेच पटते.

उपग्रह पाण्याचा रंग पाहतो. प्लवकांतील हरितद्रव्य निळा प्रकाश शोषून घेते, म्हणून प्लवक वाढले की पाणी हिरवट दिसते. गाळ असला तर तांबडा प्रकाशही अधिक परततो. २६ मे १९९९ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या ओशनसॅट-१ वर असे रंग ८ पट्ट्यांत टिपणारा कॅमेरा होता. २०२२ मध्ये गेलेल्या ओशनसॅट-३ वरचा १३ पट्ट्यांत टिपतो. मासळी कोठे सापडण्याचा संभव आहे, याच्या हैदराबादहून निघणाऱ्या सूचनांना अशाच माहितीचा आधार असतो.

पण ओशनसॅट-१ च्या चित्रातला एक ठिपका म्हणजे सुमारे ३६० मीटर बाजूचा चौरस! उघड्या समुद्रावर तो पुरतो. अरुंद खाडीत त्याच चौरसात पाणी, चिखल आणि कांदळवन एकत्र येतात. युरोपचा सेंटिनेल-२ हा १० मीटरपर्यंत बारीक पाहतो, हे खरे. तरी विरघळलेला पारा किंवा बिनरंगी आम्ल त्यालाही दिसत नाही; पाण्यात प्राणवायू किती उरला, तेही नाही. (पावसाळ्यात तर वर ढगच.)

म्हणून माझे म्हणणे असे, की खाडीकाठच्या शाळांनी स्वतः मोजावे. इटलीचे खगोलशास्त्रज्ञ सेक्की यांनी १८६५ मध्ये पांढरी तबकडी समुद्रात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते हे पाहिले होते. तबकडी, दोरी आणि वही, एवढेच साहित्य. सेंटिनेल-२ ची जोडी दर ५ दिवसांनी सकाळी अकराच्या सुमारास वरून जाते. त्याच वेळी शिक्षकांबरोबर धक्क्यावरून मोजा. भरती होती की ओहोटी, हे टिपायला विसरू नका, नाहीतर मेहनत फुकट जाईल. त्या दिवसाचे उपग्रहचित्र विनामूल्य मिळते. विज्ञान प्रदर्शनातल्या उपग्रहाच्या थर्मोकोलच्या प्रतिकृतीपेक्षा मला ही वही अधिक मोलाची वाटते.

रसायनांचे काय? त्यासाठी बाटलीत नमुना भरून प्रयोगशाळेतच द्यावा लागेल. पण तो कोणत्या दिवशी आणि खाडीच्या कोणत्या वळणावर घ्यावा, हे ठरवायला तुमची वही उपयोगी पडेल.