आधी टेप, मग एटीएम!

शनिवारी सकाळी साडेसातला फोन. ‘अगं, स्टीअरिंग डॅम्पर बघून ठेवलाय. सोबत नवे शॉकअप पण. घेऊन टाकू का?’

आमचा हा हीरो सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत कोड लिहितो आणि वीकेन्डला मुळशीच्या पुढे, काकांच्या शेतावर सेकंडहॅन्ड क्वाड बाइक पळवतो. क्वाड म्हणजे तीच, एटीव्ही. चार जाडजूड टायर, मोटरसायकलसारखं हॅन्डल आणि ‘मला कोण अडवणार’ असा चेहरा.

‘घेशील रे. पण झालंय काय?’

झालं होतं असं. आदल्या रविवारी उतारावर उजवं पुढचं चाक दगडावर चढलं, हॅन्डलला असा काही हिसका बसला की हात सुटला, आणि गाडी डावीकडच्या दोन चाकांवर उभी! एक सेकंद. मग धाडकन परत खाली. पावणेदोनशे किलोंचं धूड अंगावर यायचं ते आलं नाही, एवढंच. तो हसत सांगत होता, पण त्याला आता स्वतःच्याच गाडीवर बसायची भीती वाटत होती.

ही भीती जुनी आहे. सुरुवातीच्या एटीव्ही तीन चाकी होत्या. त्या इतक्या उलटायच्या की १९८८ मध्ये अमेरिकेत कंपन्यांनी सरकारशी करार करून नव्या तीन चाकी गाड्यांची विक्री थांबवली. चौथं चाक आलं, पण उलटायची खोड पूर्ण गेली नाही. म्हणून क्वाडचं स्टीअरिंग आणि सस्पेन्शन ठीक असणं ही निव्वळ शायनिंग मारायची गोष्ट नाही, बॉस!

दुपारी पौड रस्त्यावरचे एक मिस्त्री शेतावर आले. ट्रॅक्टरपासून बुलेटपर्यंत सगळं दुरुस्त करणारे. पहिला प्रश्न : ‘हवा किती भरता?’

‘पंचवीस. बाइकला असते तेवढीच.’

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. क्वाडच्या टायरमध्ये साधारण ४ ते ६ पीएसआय हवा लागते. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. हा मऊ टायर म्हणजेच सस्पेन्शनचा पहिला थर. पंचवीस भरली की टायरचा फुटबॉल होतो, दगडावरून उडतो आणि हिसका थेट मनगटात. शिवाय डाव्या-उजव्या टायरमध्ये एका पीएसआयचा फरक असला, तरी गाडी एका बाजूला ओढते. पेट्रोल पंपावरच्या मीटरवर एवढी कमी हवा नीट दिसत नाही. त्यासाठी लो-प्रेशर गेज वेगळा घ्यायचा. अख्ख्या लिस्टमधली ही सगळ्यात स्वस्त खरेदी.

मग पुढचा भाग जॅकवर. मिस्त्रींनी चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवलं. उजवं गप्प. डावं... टक, टक. टाय रॉड एन्ड संपला होता. हॅन्डलचं वळण चाकापर्यंत नेणारा जो दांडा असतो, त्याच्या टोकाचा हा सांधा.

‘दादा, डॅम्पर लावला असता ना, तर हिसका दबला असता. आणि हा सांधा एक दिवस गुपचूप निखळला असता.’

हीरो एकदम शांत. मीही.

डॅम्पर वाईट नाही. तो हॅन्डलचा झटका तेलाच्या साहाय्याने मंदावतो, आणि दगडधोंड्यात तासन्‌तास चालवणाऱ्याला त्याचा खरंच उपयोग होतो. पण सांधा ढिला असताना तो बसवणं म्हणजे दाढ किडली असताना पेनकिलर खाणं.

नवा टाय रॉड एन्ड बसला, तशी टेप निघाली. हॅन्डल सरळ करून दोरीने बांधलं. पुढच्या दोन्ही टायरच्या मध्यावर खडूची खूण. मग आसाच्या उंचीवर, दोन्ही चाकांमधलं अंतर एकदा पुढून मोजायचं, एकदा मागून. पुढचं अंतर अगदी थोडं कमी, म्हणजे चाकं किंचित आत वळलेली, तर ‘टो-इन’. उलट असेल तर ‘टो-आउट’. बहुतेक क्वाडना काही मिलिमीटर टो-इन सांगितलेलं असतं. त्याने सरळ रस्त्याला गाडी भटकत नाही. आमच्या गाडीची चाकं चक्क बाहेर तोंड करून रुसलेली! चेकनट ढिले करून दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवले, पुन्हा मोजलं, नट आवळले. खर्च? एक चहा.

आता शॉकअप. इथे बहुतेकांचा गैरसमज असतो की स्प्रिंगची रिंग आवळली की स्प्रिंग कडक होते. नाही हो! प्रीलोडने फक्त गाडीची उंची बदलते. गाडी उचलून चाकं लोंबती ठेवा आणि फ्रेमची उंची मोजा. मग हेल्मेट-बुटांसकट बसून परत मोजा. गाडी जेवढी खाली बसली तो ‘सॅग’. स्पोर्ट क्वाडला चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश सॅग ही चांगली सुरुवात. आमच्या गाडीचे आधीचे मालक चांगले भरभक्कम होते, आणि आमचा हीरो जेमतेम साठ किलो. त्यामुळे गाडी उंचच राहायची आणि वळणावर कलंडायची. चारही रिंगा थोड्या ढिल्या केल्या, झालं. रिंग अगदी टोकाला नेऊनही सॅग जमत नसेल, तर मात्र स्प्रिंगच बदला.

डॅम्पिंगचे क्लिक असतील, तर एका वेळी एकच बदल करायचा, तोही दोन क्लिकचा. रस्ता तोच, आणि निरीक्षण वहीत. चार गोष्टी एकदम फिरवल्या की कशाने काय झालं ते कळतच नाही. आणि ते स्वस्तातले व्हील स्पेसर? गाडी रुंद होते हे खरं, पण पुढे लावले की चाक स्टीअरिंगच्या पिव्हटपासून लांब जातं आणि दगडाचा हिसका आणखी वाढतो.

शेवटचं सस्पेन्शन म्हणजे तुम्ही स्वतः. बहुतेक स्पोर्ट क्वाडची मागची चाकं एकाच अखंड आसावर असतात, कारसारखा डिफरेन्शियल नसतो. वळताना आतलं चाक थोडं घसरलं, तरच गाडी वळते. म्हणून अंग पुढे आणि वळणाच्या आत झुकवायचं आणि भार बाहेरच्या फूटरेस्टवर द्यायचा. सोफ्यावर बसल्यासारखं बसलात तर गाडी सरळ बांधावर. आणि एका सीटच्या क्वाडवर मागे कुणालाही बसवायचं नाही, भाच्याने कितीही हट्ट केला तरी.

संध्याकाळी हीरो त्याच उतारावरून खाली आला. हळू. तोच दगड, तेच चाक. हॅन्डल हललं, पण हातातच राहिलं. तिसऱ्या फेरीला त्याच्या चेहऱ्यावर जुनं हसू होतं.

‘डॅम्पर?’ मी विचारलं.

‘बघू गं दिवाळीला. मिस्त्रींचे किती झाले, ते विचार आधी!’