विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या आत कचरा टाकणाऱ्यांना अखेरचा इशारा

नगरपालिकेचे अधिकारी, कोंबडी-मटणाचे दुकानदार, हॉटेलमालक आणि आमच्याच प्रशिक्षण संस्थांचे चालक, या सगळ्यांनी हे नीट वाचावे. लहान विमानांवर शिकवणारे आम्ही प्रशिक्षक ही विनंती करत नाही. विनंत्या करून झाल्या.

सेसना १७२सारख्या विमानाची पुढची काच म्हणजे काही मिलिमीटर जाडीचे अ‍ॅक्रिलिक. मोठ्या प्रवासी विमानाची काच सुमारे १.८ किलोच्या पक्ष्याची धडक सोसते, हे सिद्ध झाल्यावरच त्याला मान्यता मिळते. या लहान विमानाच्या काचेला अशी परीक्षाच नाही. घार भरते पाऊण किलो. पण ताशी २०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानावर ती आदळते तेव्हा चौथ्या मजल्यावरून दहा किलोचे पोते पडल्याइतका दणका बसतो. काच फुटली की वारा, तुकडे, रक्त आणि पिसे एकदम तोंडावर येतात. हेडसेट निसटतो, रेडिओवरचे काही ऐकू येत नाही. अशा वेळी विशीतल्या पोराने, शेजारी कोणी नसताना, जमिनीपासून पाचशे फुटांवर डोळे पुसत विमान सांभाळायचे.

हा धोका आजचा नाही. १९१२ साली कॅलिफोर्नियात लाँग बीचजवळ कॅल रॉजर्स या वैमानिकाच्या विमानाच्या नियंत्रणांत कुरव पक्षी अडकला आणि रॉजर्स प्राणास मुकला. तेव्हा ‘कल्पना नव्हती’ ही सबब कोणी सांगू नये.

घारी आपणहून धावपट्टीवर मुक्काम ठोकत नाहीत. ऊन चढून जमीन तापली की वर जाणाऱ्या हवेवर त्या घिरट्या घालतात, त्या नेमक्या आमच्या सर्किटच्या, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेरीच्या उंचीवर. खाली नाल्याकाठी कोंबड्यांची आतडी पडलेली असली की त्या तिथून हलत नाहीत. विमान नियम १९३७ मधला नियम ९१ स्पष्ट आहे: विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय जनावरे कापणे आणि पक्षी जमतील असा कचरा टाकणे गुन्हा आहे. भारतीय वायुयान अधिनियम २०२४नुसार त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

म्हणून पंधरा दिवसांची मुदत देत आहोत. नगरपालिकेने उघडा कचरा उचलावा. दुकानदारांनी आतडी-पिसे झाकणबंद पिंपात ठेवून रोज नगरपालिकेकडे सोपवावीत. संस्थांनी धावपट्टीलगतचे गवत कापावे आणि पक्षी हाकलायला माणूस नेमावा.

शिकाऊ वैमानिकांनाही बजावतो. समोर पक्षी दिसला तर वेग सांभाळून वरून जा. बिथरलेला पक्षी बहुधा खाली सूर मारतो. लँडिंग लाइट लावा, डोळ्यांवर चष्मा ठेवा. उड्डाणापूर्वी इंजिनाच्या आवरणात साळुंकीचे घरटे नाही ना, हे बघा. धडक किरकोळ असली तरी लपवाल, तर आमच्याकडून पुढचे उड्डाण मिळणार नाही.

वर सांगितलेली कामे मुदतीत झाली नाहीत, तर सोळाव्या दिवशी फोटो, जागा आणि वेळ यांसह लेखी तक्रार जिल्हाधिकारी आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) यांच्याकडे जाईल. त्याच दिवसापासून आम्ही एकाही विद्यार्थ्याच्या एकट्याच्या उड्डाणावर सही करणार नाही. संस्थेची फी बुडाली तर बुडो. मुदतीनंतर इथे अपघात झाला, तर त्याला दैव म्हणू देणार नाही. जबाबदारांची नावे पोलिसांना आम्हीच देऊ.