दोन्ही नळ्यांत एकच काडतूस

परवा भाचा वळसंगला आला होता. भिंतीवरचा माझ्या वडिलांचा बंदूक घेतलेला फोटो बघून म्हणाला, "मामा, दुनळी बारा बोअर! एकाच बंदुकीत सगळी शिकार, फक्त काडतूस बदलायचं."

खरं आहे रे. एका नळीत सहा नंबरचे बारीक छर्रे, तित्तराला नि सशाला. दुसरी, तोंडाशी आवळलेली, तिच्यात एल.जी.चे मोजके जाड छर्रे, काळविटाला नि डुकराला.

माझं भांडण या सोयीशीच आहे. तित्तराला निघालेल्यासमोर माळढोक आला, तर तो काडतूस आणायला घरी जात नसे. दुसरा चाप ओढायचा, झालं! माळ कालव्यानं नि उसानंही खाल्ला, सगळं पाप बंदुकीचं नाही. पण १९७२ चा कायदा आणि १९७९ चं नान्नजचं अभयारण्य येईस्तोवर फार उशीर झाला होता. आता माळढोक दिसला तर बातमी होते.

पीक नासणाऱ्या डुकरासाठी रीतसर परवानगी मिळते, ती जरूर काढावी. मग दोन्ही नळ्यांत एल.जी.च भरावं. पायाशी तित्तर उठलं तरी हात थांबतो.

भाच्यानं फोटो नीट पाहिला नव्हता. वडिलांच्या दुसऱ्या हातात माळढोकच लटकतोय.