पाचवा विषय कोणता?

आमच्या शेजारच्या गृहस्थांनी परवा संध्याकाळी आपल्या कन्येला आमच्यापुढे आणून बसविले आणि म्हणाले, "सर, हिला विषय निवडून द्या." मुलगी येथे इंदूरलाच इंग्रजी माध्यमाच्या शाळेत बारावीला आहे. मनात दिल्ली विद्यापीठाची अर्थशास्त्राची ऑनर्स पदवी. ती न साधल्यास तेथीलच व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम.

बहुतेक केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी-प्रवेशासाठी २०२२ पासून सीयूईटी ही सामाईक परीक्षा द्यावी लागते, हे वाचकांस ठाऊक आहेच. २०२५ पासून तीत जास्तीत जास्त पाच विषय घेता येतात. बारावीला न शिकलेला विषय निवडण्याची मुभाही त्याच वर्षी मिळाली, आणि घोटाळा होतो तो येथेच. परीक्षा घेणारी संस्था वेगळी, प्रवेश देणारे विद्यापीठ वेगळे. दिल्ली विद्यापीठ बारावीला शिकलेलाच विषय मागते. सोपा म्हणून परका विषय उचलावा, त्यात भरघोस गुण मिळवावेत आणि ते दारातच नाकारले जावेत, असे होऊ शकते. म्हणून आम्ही अर्ज बाजूला ठेवला आणि मुलीला आधी विद्यापीठाचे पात्रतेचे नियम काढावयास सांगितले.

अर्थशास्त्रासाठी तेथे एक भाषा, गणित आणि आणखी दोन विषय लागतात. इंग्रजी, गणित, अर्थशास्त्र, लेखाशास्त्र. चार जागा भरल्या. पाचवीवर वडिलांचा डोळा होता.

"मराठी लिहा," ते म्हणाले. "तेरा भाषांत आपलीही आहे, तर सोडावी कशाला? घरचीच भाषा!"

आमची पंचाईत झाली. मराठीचे एम. ए. असलेल्या माणसाने याला नाही म्हणावे कसे? पण २०२३ साली अशाच मोहाने आम्ही एका मुलाला इंग्रजीऐवजी मराठी घ्यावयास लावले होते. मुलगा घरी अस्खलित मराठी बोलणारा, आरत्या तोंडपाठ. परंतु शाळेत मराठी नाही, आणि लग्नपत्रिकेपलीकडे वाचन नाही. या परीक्षेत भाषा बोलावयाची नसते. उतारे वाचून त्यांवरचे आणि शब्दार्थांचे प्रश्न सोडवावयाचे असतात. वाक्ये लावता लावता त्याची वेळ संपली आणि हवे ते विद्यापीठ हुकले. भेटला की तो आजही वाकून नमस्कार करतो. तो नमस्कार आम्हांला जड जातो.

बेळगाव-गोव्याकडे मराठी शाळांतून शिकलेल्या मुलांची गोष्ट निराळी. त्यांनी मराठी निर्धास्त घ्यावी.

आम्ही कपाटातून एक मराठी उतारा काढून मुलीपुढे ठेवला. परीक्षेत ५० प्रश्नांना ६० मिनिटे, म्हणजे प्रश्नामागे ७२ सेकंद. बरोबर उत्तराला पाच गुण, चुकीच्याला उणे एक. पहिल्याच परिच्छेदात ती 'हिरमुसली' या शब्दाशी अडली आणि वडिलांकडे पाहू लागली. त्यांनी नजर खिडकीकडे वळविली.

व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमास भाषा आणि गणित यांबरोबर सामान्य अभियोग्यता चाचणी लागते. पाचव्या जागी ती गेली.

"सर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," उठताना गृहस्थ म्हणाले. आम्ही चहासाठी आग्रह केला. ते थांबले नाहीत.