शाळा बुडवली तर स्केटबोर्ड नाही

पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या गावांतून ऊसतोडीच्या गाड्या निघाल्या की शाळांचे हजेरीपट विरळ होतात. अशा तालुक्यांत गरिबांच्या पोरांसाठी स्केटपार्क बांधा म्हटले, तर पहिला सवाल ठरलेला : वह्या-पेन्सिलींचे वांधे असताना ही श्रीमंती चैन कशाला?

खेळावर गेलेला पैसा शिक्षणातून वजा होतो, हे या सवालातले गृहीतच चुकीचे आहे. मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचे गाव आहे. तिथे उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी २०१५ साली काँक्रीटचा स्केटपार्क उभा केला. नियम दोनच : शाळा बुडवली तर स्केटबोर्ड मिळणार नाही, आणि मुलींचा नंबर आधी. एरवी अंतर राखून राहणाऱ्या गोंड आणि यादवांची मुले त्या उतारावर एकत्र खेळू लागली. याच गावची आशा गोंड २०१८ साली चीनमधल्या नानजिंगच्या जागतिक स्पर्धेत भारताकडून उतरली.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. कुस्ती-कबड्डीच्या मातीत हे विलायती खूळ कशाला, असे विचारणारे क्रिकेटला मात्र परके मानत नाहीत! उलट हा नवखेपणाच कामी येतो. ऑलिव्हर पर्कोविच यांनी २००७ साली काबूलमध्ये मुलांना स्केटबोर्ड शिकवणाऱ्या ‘स्केटिस्तान’ या संस्थेचे काम सुरू केले. मुलींनी सायकल चालवणे तिथे खपत नव्हते. स्केटबोर्ड मात्र इतका अनोळखी होता, की त्याच्यावर बंदी घालायचे कोणाला सुचलेच नव्हते. त्या फटीतून मुली आत आल्या, आणि खेळाला जोडलेल्या वर्गांतून पुढे शाळेतही गेल्या. आपल्या गावांतही तालमीवर आणि मैदानावर आधीपासून मुलग्यांचाच ताबा असतो. स्केटपार्कवर तसा कोणाचा वारसाहक्क नाही.

हातपाय मोडण्याची भीती खरी आहे. त्यासाठी हेल्मेट, गुडघ्या-कोपरांची पॅड आणि जाणता प्रशिक्षक हवाच. खर्चाचे म्हणाल, तर बोर्ड पाळीपाळीने वापरता येतात. आणि २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत स्केटबोर्डिंगचे सुवर्णपदक मिळवणारी पुण्याची श्रद्धा गायकवाड एका सुरक्षारक्षकाची मुलगी आहे. तेव्हा हा बंगल्यांतल्या मुलांचाच खेळ, हे म्हणणे टिकत नाही.

एक अडचण मात्र उरते. आईबापांनी मुकादमाकडून उचल घेतली, की पोरेही फडावर जातात. गावातला पार्क त्यांना अडवू शकणार नाही. म्हणून तो वसतिगृहाला लागून हवा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्याने २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली : ४१ तालुके, प्रत्येकी मुलांचे एक आणि मुलींचे एक. पाथर्डीत मुलींच्या वसतिगृहाच्या आवारातच पहिला उतार बांधावा, आणि जनवारचे दोन्ही नियम पहिल्या दिवसापासून लावावेत.