गळती कोठे होते?

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांची, तुलनेने कमी फीची महाविद्यालये. नोकरी सांभाळून शिकणारे, घरात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणारे अनेक विद्यार्थी तेथे येतात. गणितात कच्च्या ठरलेल्यांना पदवीस ग्राह्य असलेल्या गणिताआधी शालेय गणिताचे वर्ग एकामागून एक पूर्ण करावे लागत. फी द्यावी लागे, श्रेयांक मात्र पदरी पडत नसत. बहुतेकांचे शिक्षण तेथेच थांबे.

अँथनी ब्राइक यांच्या नेतृत्वाखाली कार्नेगी फाउंडेशन या शिक्षणसंस्थेने हा प्रश्न हाती घेतला, तेव्हा दोष शिक्षकाचा की विद्यार्थ्याचा या वादात न शिरता गळती नेमकी कोठे होते ते पाहिले गेले. अनेक विद्यार्थी नापास होऊन नव्हे, तर एक वर्ग उत्तीर्ण होऊनही पुढच्या वर्गात नाव न घातल्याने निसटत होते. जमाखर्चात तूट दिसली की मुनिमावर रागावण्याआधी जाणता व्यापारी माल कोणत्या टप्प्यावर घटतो ते तपासतो, तसेच हे झाले. मग संख्याशास्त्रावर आधारलेला, एका वर्षात पुरा होणारा 'स्टॅटवे' हा सलग अभ्यासक्रम २०११ मध्ये सुरू झाला. पूर्वी वर्षभरात ६ टक्क्यांहून कमी, दोन वर्षांतही सुमारे १५ टक्के विद्यार्थी गणिताचे श्रेयांक मिळवीत. स्टॅटवेच्या पहिल्याच वर्षी ते प्रमाण निम्म्यावर गेले.

या पद्धतीला सुधारणा-विज्ञान म्हणतात. तिचे मूळ शाळेत नाही, कारखान्यात आहे. बेल कंपनीतील वॉल्टर शूहार्ट आणि १९५० मध्ये जपानी उद्योगपतींपुढे व्याख्याने देणारे एडवर्ड्स डेमिंग हे तिचे जनक. तेथून ती रुग्णालयांत गेली आणि नंतर शिक्षणात आली. योजना करा, लहान प्रमाणावर करून पाहा, निष्पत्तीचा अभ्यास करा, मग पुढील पाऊल ठरवा, आणि हे चक्र पुन्हा फिरवा. नवा माल आला की कोणी एकदम गोदाम भरत नाही, आधी चार पोती घेऊन गिऱ्हाईक पाहतो. शाळेत मात्र नवी योजना एका परिपत्रकाने सर्व वर्गांवर लादली जाते, आणि वर्षाअखेरीस ती चालली की नाही हे कोणालाच सांगता येत नाही.

उदाहरणार्थ, गैरहजेरी वाढते आहे. एका शिक्षिकेने एकाच वर्गात चार-चार विद्यार्थ्यांचे गट करावेत, गटातील कोणी आला नाही तर सोबत्यांनी त्याच दिवशी त्याची विचारपूस करावी, आणि तीन आठवडे हजेरीची रोज नोंद ठेवावी. खर्च जवळजवळ शून्य. उपाय फसला तर एक वर्ग, तीन आठवडे, एवढेच नुकसान.

येथे शाळांच्या विश्वस्त मंडळांवर बसणाऱ्या व्यापाऱ्यांनी एक पथ्य सांभाळणे अत्यावश्यक आहे. ही नोंद शिकण्यासाठी आहे, वेतनवाढ रोखण्यासाठी नव्हे. दंडाची धास्ती असली की आकडे सुधारतात, हजेरी तेवढीच राहते. आणि असा हिशेब तपासणे कोणत्याही लेखापरीक्षकाला फार जड जाते.